फोन घेण्यापूर्वी : एका निवडीचा हिशेब

महाविद्यालयाच्या वार्षिकांकात फोनच्या खरेदीवर लेख यावा, हे काही वाचकांना रुचणार नाही याची मला कल्पना आहे. आमच्याच संपादक मंडळातील एका मित्राने ‘हा विषय दुकानदाराच्या पत्रकाला शोभेल’ असा शेरा मारून माझे टिपण परत केले होते. परंतु अर्थशास्त्राची विद्यार्थिनी म्हणून मला एक गोष्ट सतत जाणवते. सीमान्त उपयोगितेचा सिद्धान्त आपण वर्षभर संत्र्यांच्या आणि चहाच्या कपांच्या उदाहरणांनी शिकतो. आणि आपल्या आयुष्यातील पहिली मोठी खरेदी मात्र, मित्राने सांगितले किंवा रंग आवडला म्हणून, दहा मिनिटांत उरकून येतो. आपल्यापैकी बहुतेकांच्या अंगाखांद्यावरील सर्वांत महाग वस्तू फोन हीच असते. तेव्हा तो कसा निवडला याचा हिशेब मांडणे फारसे अप्रस्तुत ठरू नये.

प्रथम, हा हिशेब करण्याची वेळ का आली ते सांगते. माझा आधीचा फोन २०२० साली, तासिका फोनवरून होऊ लागल्या तेव्हा, आबांनी कोणाकडून तरी जुना विकत घेतला होता. तो कोणत्या कंपनीचा होता हे येथे महत्त्वाचे नाही. चार वर्षे त्याने निमूटपणे काम केले. आमच्या घरात स्मार्टफोन हा एकच. आबांकडे बटणांचा फोन आहे आणि आई शिवणकाम करते. ब्लाउजांचे आणि परकरांचे पैसे हल्ली बायका फोनवरूनच धाडतात. म्हणजे माझा फोन हा माझे पुस्तक, आईची पेटी आणि धाकट्या बहिणीची शिकवणी असे तिन्ही होता. २०२४ च्या सप्टेंबरात परीक्षेचा अर्ज भरण्याच्या शेवटच्या दिवशी सकाळी बँकेचे अॅप उघडले, तर पडद्यावर एवढेच आले की या फोनमधील अँड्रॉइडची आवृत्ती जुनी असल्याने हे अॅप यापुढे चालणार नाही. फोन बिघडला नव्हता. फोन लागत होता, गाणी वाजत होती, छायाचित्रे निघत होती. फक्त पैसे आत अडकले होते. शेजारच्या काकांच्या फोनमध्ये आपले सिम घालून काम भागवता आले असते. पण आपले बँकेचे खाते दुसऱ्याच्या फोनवर उघडायचे, हे आबांना पटेना, आणि आता वाटते की त्यांचेच खरे होते. दुसऱ्या दिवशी एसटीने मेढ्याला जाऊन शाखेतून पैसे काढले आणि विलंबशुल्कासह अर्ज भरला. विलंबशुल्काचे दुःख झाले, परंतु त्याहून अधिक लागली ती आईची मुद्रा. तिच्याच कमाईचे पैसे तिला दिसेनासे झाले होते.

नवा फोन घ्यायचा असे ठरले तेव्हा हाताशी वीस हजार रुपये होते. दिवाळीच्या शिवणाचे आईचे बारा हजार, आणि ‘कमवा व शिका’ योजनेत ग्रंथालयात काम करून मी साठवलेले आठ हजार. या वीस हजारांपलीकडे एक रुपयाही नव्हता, हे आरंभीच सांगितले पाहिजे. कारण निवडीचा खरा प्रश्न तेथूनच सुरू होतो. ज्याच्याजवळ लाख रुपये आहेत त्याला दोन फोनांत निवड करावी लागत नाही, तो हवे तर दोन्ही घेतो.

महिनाभर विचारपूस करून, वर्तमानपत्रांतील परीक्षणे वाचून आणि मित्रमैत्रिणींचे फोन हाताळून मी दोन नावांवर आले. पहिला सीएमएफ फोन १. सीएमएफ हे लंडनच्या नथिंग या कंपनीचे उपनाम. हा फोन जुलै २०२४ मध्ये भारतात आला. आठ जीबी रॅम आणि १२८ जीबी साठवण असलेल्या प्रतीची घोषित किंमत १७,९९९ रुपये. दुसरा सॅमसंग गॅलेक्सी ए१६ ५जी. तो ऑक्टोबर २०२४ मध्ये, म्हणजे अगदी दिवाळीच्या तोंडावर, आला. तेवढ्याच रॅमच्या व साठवणीच्या प्रतीची घोषित किंमत १८,९९९ रुपये. सणाच्या सवलती येतात आणि जातात, म्हणून मी सारा हिशेब घोषित किमतींवरच केला आहे. दोहोंत अंतर हजार रुपयांचे.

आता पेटीवरील भाषेकडे वळू. ही भाषा म्हणजे एक स्वतंत्र वाङ्मयप्रकार आहे आणि त्यात अतिशयोक्ती अलंकाराचा मुक्त वापर असतो. दोन्ही पेट्यांवर कॅमेऱ्यापुढे ‘५० मेगापिक्सेल’ असा आकडा. दोन्ही पेट्यांवर ‘५,००० एमएएच’ बॅटरी. दोन्हींत ‘ऑक्टाकोअर’ प्रोसेसर. पडदा एकाचा ६.६७ इंच, दुसऱ्याचा ६.७ इंच. एखाद्याला वाटावे की दोन्ही फोन एकाच साच्यातून काढले आहेत. परंतु आकडा सारखा असला म्हणजे वस्तू सारखी असते असे नव्हे, आणि हेच मला पुढचे पंधरा दिवस शिकावे लागले.

कॅमेऱ्याचेच घ्या. पावसाळ्यात पागोळ्यांखाली चार लहान वाट्या ठेवल्या काय आणि त्यांच्याएवढ्याच जागेत एक मोठे पातेले ठेवले काय, पाणी जवळजवळ तेवढेच जमणार. छायाचित्र काढताना पाण्याऐवजी प्रकाश गोळा करायचा असतो, एवढाच फरक. ५० मेगापिक्सेल म्हणजे पाच कोटी चिमुकल्या वाट्या. त्या इतक्या लहान असतात की मंद प्रकाशात एकेकीत फारच थोडे जमते, म्हणून फोन चार-चार वाट्यांचे पाणी एकत्र ओततो आणि साडेबारा मेगापिक्सेलचे चित्र तयार करतो. हे दोन्ही फोन नेहमीच्या वापरात असेच करतात. तेव्हा पेटीवर पन्नास लिहिले तरी हाती साडेबाराच येतात, आणि त्यात काही लबाडीही नाही. मात्र पन्नास हा आकडा पाहून फोन निवडण्यात अर्थ नाही. उरलेल्या भिंगांविषयी तर बोलायलाच नको. सीएमएफच्या पाठीवरील दुसरे भिंग दोन मेगापिक्सेलचे, केवळ अंतराचा अदमास घेणारे. सॅमसंगच्या पाठीवर तीन डोळे आहेत. त्यांतील एक पाच मेगापिक्सेलचा, विस्तृत दृश्य टिपणारा, आणि तिसरा दोन मेगापिक्सेलचा, जवळच्या वस्तूंसाठी. वर्गातला सबंध फळा एका चित्रात घ्यायचा तर तो मधला डोळा उपयोगी पडतो. बाकी संख्या पाहून भारावून जाण्याचे कारण नाही.

रॅम आणि साठवण यांतील भेद माझ्या अनेक मैत्रिणींना माहीत नाही, आणि ग्रंथालयात काम करीपर्यंत मलाही तो नीटसा उमगला नव्हता. साठवण म्हणजे आपल्या ग्रंथालयाची कपाटे. रॅम म्हणजे वाचनकक्षातील टेबल. टेबल मोठे असेल तर चार ग्रंथ एकाच वेळी उघडे ठेवता येतात. लहान असेल तर एक ठेवायला दुसरा उचलावा लागतो. आणि प्रोसेसर म्हणजे ग्रंथ काढून देणारा कर्मचारी. हल्ली जाहिरातीत आठ जीबी रॅमला ‘सोळापर्यंत’ म्हणण्याची चाल पडली आहे. त्याचा अर्थ असा की टेबलावर जागा उरली नाही तर कपाटाचा एक कप्पा रिकामा करून त्यावर ग्रंथ उघडे ठेवायचे. ठेवता येतात खरे, पण कपाटापाशी उभ्याने वाचण्यासारखे ते आहे. टेबल आठाचेच.

खरा फरक होता तो कर्मचाऱ्यांत. ‘ऑक्टाकोअर’ म्हणजे आठ गडी, एवढेच पेटी सांगते. गडी कसे आहेत हे सांगत नाही. सीएमएफमध्ये मीडियाटेकचा डायमेन्सिटी ७३०० हा प्रोसेसर आहे. त्याच्या आठांपैकी चार गडी पहिलवान आणि चार हरकामे. भारतात विकल्या जाणाऱ्या सॅमसंग ए१६ मध्ये त्याच मीडियाटेकचा डायमेन्सिटी ६३००. त्यात पहिलवान दोनच, तेही आधीच्या पिढीचे, आणि हरकामे सहा. दोन्हीकडे बेरीज आठ! शिवाय पहिला चार नॅनोमीटर तंत्राने बनलेला, दुसरा सहा. आकडा लहान तितकी तीच कामगिरी कमी विजेत. पडदाही सीएमएफचा सेकंदाला १२० वेळा चित्र बदलणारा, सॅमसंगचा ९० वेळा. चार्जिंग एकाचे ३३ वॅटचे, दुसऱ्याचे २५ वॅटचे. (चार्जर मात्र दोहोंच्याही पेटीत नाही, तो निराळा घ्यायचा, वीस हजारांच्या हिशेबात ही गोष्ट मी जवळजवळ विसरले होते.) म्हणजे वेगाच्या बाबतीत हजार रुपयांनी स्वस्त असलेला फोनच उजवा होता. यात मतभेदाला जागाच नव्हती.

आणि खरे सांगायचे तर मला तो हवाही होता. त्याची पाठ नारिंगी रंगाची मिळते. ती चार स्क्रूंनी बसवलेली असून काढून दुसऱ्या रंगाची लावता येते. कोपऱ्यात एक गोल खुंटी आहे, तिला दोरी अडकवता येते. स्क्रू पाहून आबांना फार बरे वाटले. ‘म्हणजे घरी उघडता येतो तर!’ असे ते म्हणाले. पण ती पाठ काढली तरी बॅटरी आपल्या हाताने बदलावी अशी रचना आत नाही, हे वाचून आम्हां दोघांचाही थोडा विरस झाला.

दिवाळीनंतर एके शनिवारी मी आणि वर्गातला एक मित्र साताऱ्याला दुकानांत गेलो. त्यालाही फोन घ्यायचा होता, अंदाजही तेवढाच. दुकानात मांडलेल्या फोनांविषयी एक गोष्ट प्रत्येकाने ध्यानात ठेवावी. त्यांच्या पडद्याचा उजेड पूर्ण चढवलेला असतो आणि त्यावर चालू असलेली चित्रफीत ही पोपट, फुले, समुद्र अशा भडक रंगांची, मुद्दाम तयार केलेली असते. तेथे कोणताही फोन सुंदरच दिसतो, लग्नात प्रत्येकजण देखणा दिसतो तसा. म्हणून मी पिशवीत ग्रंथालयातील एक जुना, पिवळ्या पानांचा ग्रंथ घेऊन गेले होते. विक्रेत्याची परवानगी घेऊन दोन्ही फोनांनी त्याच्या एकाच पानाचे छायाचित्र काढले, प्रथम नळीच्या दिव्याखाली आणि मग मुद्दाम माझी सावली पाडून. मग चित्र मोठे करून जोडाक्षरे पाहिली. ‘द्ध’ आणि ‘द्व’ वेगळे ओळखता येतात का, रफार तुटतो का, अनुस्वाराचा ठिपका की कागदावरचा डाग हे कळते का, एवढीच माझी परीक्षा. दोन्ही फोन उत्तीर्ण झाले. नंतर दोन्ही फोन दुकानाच्या दारात, उन्हात नेऊन तेच पान वाचले. एका हाताने धरून मराठीत दोन ओळी लिहिल्या. मित्राने मात्र आपल्या एकांकिकेच्या तालमीची चित्रफीत सोबत आणली होती, ती कापून-जोडून पाहिली, आणि तेथे चार पहिलवानांची गोष्ट त्याला डोळ्यांनी दिसली. विक्रेत्याने या सर्व वेळात आम्हांला एक तिसराच फोन घेण्याचा आग्रह चालवला होता. ‘ताई, या दोन्हींपेक्षा यात स्कीम चांगली आहे,’ असे तो म्हणे. स्कीम कोणाला चांगली, हे त्याने सांगितले नाही.

त्या दिवशी मी काहीच न घेता परत आले. मनाने नारिंगी फोन घेतलाच होता, पण आईला दाखवल्याशिवाय पैसे मोडायचे नव्हते.

आईला मी दोन्हींची टिपणे वाचून दाखवली. गिगाहर्ट्झ, मेगापिक्सेल, वॅट. तिने सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, “मशीन घेतलं तेव्हा मी दुकानदाराला एकच विचारलं होतं, याचे सुटे भाग किती वर्षं मिळतील? तुझ्या या फोनांचं कोण किती वर्षं बघणार आहे?”

माझ्या टिपणांत हा रकाना नव्हता. आणि वास्तविक आमचा जुना फोन मेला होता तो याच रोगाने! त्याचा एकही भाग तुटला नव्हता. त्याला बनवणाऱ्यांनी त्याच्याकडे पाहणे सोडले होते, एवढेच.

येथे थोडे तांत्रिक सांगणे भाग आहे. अँड्रॉइड ही गूगलने तयार केलेली संचालन-प्रणाली. तिच्यात वेळोवेळी दोष सापडतात. म्हणजे घराच्या भिंतीत कोठेतरी चोराला शिरता येईल अशी फट निघते. गूगल ऑगस्ट २०१५ पासून दर महिन्याला अशा फटींची व त्यांच्या दुरुस्तीची यादी प्रसिद्ध करते. मात्र ती दुरुस्ती आपल्या फोनपर्यंत पोहोचवणे हे फोन बनवणाऱ्या कंपनीचे काम. ती किती वर्षे पोहोचवायची, हे कंपनी स्वतः ठरवते आणि फोन बाजारात आणताना जाहीर करते. यात पुन्हा दोन गोष्टी निराळ्या आहेत. एक म्हणजे अँड्रॉइडची सबंध नवी आवृत्ती. ती म्हणजे घराला नवा मजला. दुसरी सुरक्षेची दुरुस्ती. ती म्हणजे फट बुजवणे. नवा मजला नसला तरी काही काळ राहता येते. बुजवणे थांबले तरी घर लगेच पडत नाही. पण त्या घरात पैशाची पेटी ठेवावी का, हा प्रश्न येतो. बँकांची अॅप्स आज ना उद्या जुन्या आवृत्तीला दार बंद करतात, तेही याच विचाराने.

मी पुन्हा शोधाशोध केली. सीएमएफ फोन १ बाजारात आणताना कंपनीने अँड्रॉइडच्या दोन नव्या आवृत्त्या आणि तीन वर्षे सुरक्षा-दुरुस्त्या, असे वचन दिले होते. सॅमसंगने ए१६ ५जी साठी सहा नव्या आवृत्त्या आणि सहा वर्षे सुरक्षा-दुरुस्त्या. दोन्ही फोन अँड्रॉइड १४ घेऊनच आले. म्हणजे पहिला १६ पर्यंत जाणार, दुसरा २० पर्यंत. एकाची मुदत २०२७ च्या जुलैच्या आसपास संपणार, दुसऱ्याची २०३० च्या ऑक्टोबरात. या किमतीच्या फोनाला सहा वर्षांचे वचन ही गोष्ट २०२४ साली दुर्मिळच होती, आणि दुकानातील विक्रेत्याने तिचा उल्लेखही केला नव्हता.

मग मी वहीच्या मागच्या पानावर साधा भागाकार केला. नोव्हेंबर २०२४ मध्ये घेतलेला सीएमएफ सुरक्षित राहणार सुमारे ३२ महिने. १७,९९९ भागिले ३२, म्हणजे महिना सुमारे ५६२ रुपये. सॅमसंग राहणार सुमारे ७१ महिने. १८,९९९ भागिले ७१, म्हणजे महिना सुमारे २६८ रुपये. हजार रुपयांनी महाग असलेला फोन निम्म्याहून कमी भाड्यात पडत होता! आणि दुसरी गोष्ट याहून जवळची होती. धाकटी तेव्हा नववीत होती. तिची बारावी २०२८ ला. मी नोकरीला लागले की हा फोन तिच्याकडे आणि आईकडे जाणार, हे घरात न बोलता ठरलेलेच होते. पहिल्या फोनाची मुदत ती बारावीत पाऊल टाकताना संपणार होती. तोच अर्ज, तीच शेवटची तारीख, तोच अडकलेला पैसा.

हा हिशेब मी मोठ्या फुशारकीने आमच्या अर्थशास्त्राच्या सरांना दाखवला. त्यांनी तो वाचला आणि म्हणाले, “भागाकार बरोबर आहे, पण तू भविष्यातल्या रुपयाला आजच्या रुपयाएवढंच वजन दिलंस. सहाव्या वर्षी तो फोन सुरक्षित असेल, पण वापरावासा वाटेल का? आज ज्याच्यात दोनच पहिलवान आहेत, तो २०३० चं ओझं उचलेल का?” आक्षेप रास्त होता आणि त्याचे पूर्ण उत्तर माझ्यापाशी आजही नाही. दरवर्षी अॅप्स जड होत जातात. बॅटरी तर दोन-तीन वर्षांत उतरू लागतेच. सहा वर्षांत ती एकदा तरी बदलावी लागणार, आणि तो खर्च माझ्या भागाकारात नव्हता. सरांसमोरच मी नवा भागाकार केला. समजा, फोन सहाऐवजी चारच वर्षे चांगला चालला. १८,९९९ भागिले ४८. महिना सुमारे ३९६. त्यात एका बॅटरीचा खर्च मिळवला तरी ५६२ च्या खालीच. सर हसले आणि म्हणाले, “मग माझा आक्षेप तुझ्या सहा वर्षांना आहे, निर्णयाला नाही.”

परंतु येथे मी मित्राची बाजूही मांडली पाहिजे, नाहीतर हा लेख एकाच फोनाची वकिली ठरेल. त्याने सीएमएफच घेतला, आणि माझ्या मते त्याने योग्यच केले. त्याच्या घरी आणखी दोन स्मार्टफोन आहेत, बँकेचे व्यवहार वडिलांच्या फोनवर होतात. तो एकांकिकांच्या चित्रफिती संपादित करतो, त्याला वेग आजच हवा. आणि तीन वर्षांनी तो फोन बदलणार हे तो आजच सांगतो. त्याच्या भागाकारात छेद दोन्ही फोनांना ३२ च आहे, आणि तसे धरले की स्वस्त व वेगवान फोन सरळ जिंकतो. फोन तेच, किंमत तीच, घरे दोन. ‘कोणता फोन चांगला?’ असे मला हल्ली कोणी विचारले तर मी आधी उलट विचारते की तुमच्या घरात फोन किती आणि हा कोणाकोणाकडे जाणार. लोकांना हा आगाऊपणा वाटतो.

पाण्याचा मुद्दा राहिला. सॅमसंगला आयपी ५४ हा दर्जा आहे, सीएमएफला आयपी ५२. यातील पहिला आकडा धुळीचा, दुसरा पाण्याचा. दोन म्हणजे फोन थोडा तिरपा असताना वरून पडणारे थेंब सोसेल; चार म्हणजे कोणत्याही बाजूने उडालेले शिंतोडे सोसेल. पाण्यात बुडवणे दोघांनाही वर्ज्य. ज्याने आमच्याकडचा आषाढातला आडवा पाऊस पाहिला आहे त्याला दोन आणि चार यांतील अंतर समजावून सांगावे लागणार नाही.

खरेदीच्या दिवशी आई सोबत आली. बिलाशिवाय घेतला तर थोडे कमी करतो, असे एका दुकानात सुचवण्यात आले. मोह होण्याजोगी रक्कम होती. १८,९९९ मध्ये अठरा टक्के जीएसटीचे सुमारे २,८९८ रुपये असतात, हे मी घरीच काढून ठेवले होते. पण बिल नाही तर हमी नाही, आणि सहा वर्षांच्या वचनासाठी हजार रुपये जादा मोजायला आलेल्या माणसाने पहिल्या वर्षाची हमी सोडावी हे विसंगत झाले असते. आम्ही दुसऱ्या दुकानात गेलो. पेटी समोर उघडून घेतली. स्टार-हॅश-शून्य-सहा-हॅश ही कळ दाबून पडद्यावर आलेला पंधरा अंकी आयएमईआय क्रमांक पेटीवरच्या आणि बिलावरच्या क्रमांकाशी ताडला. हाच क्रमांक, आधी इंग्रजीत के-वाय-एम ही अक्षरे व मग मोकळी जागा सोडून, १४४२२ वर संदेशाने धाडला की तो फोन अस्सल नोंदीचा आहे किंवा नाही हे दूरसंचार विभागाकडून कळते. जुना फोन घेणाऱ्याने तर हे केल्याशिवाय पैसे देऊच नयेत. शून्य-सहाऐवजी शून्य-सात दाबले तर प्रारणाचे प्रमाण दिसते. आपल्याकडे त्याची मर्यादा किलोग्रॅमला १.६ वॅट आहे. दुकानदार हे सारे पाहत होता. “ताई पोलिसात आहेत का?” असे त्याने आईला विचारले.

त्या गोष्टीला आता वर्ष उलटून गेले. दरम्यान दोन्ही फोनांचे पुढचे अवतार बाजारात आले. गंमत अशी की २०२५ मध्ये सीएमएफने फोन २ प्रो आणला तेव्हा सुरक्षा-दुरुस्त्यांचे वचन तीनवरून सहा वर्षांवर नेले. युरोपीय संघाने तर २० जून २०२५ पासून हे कंपन्यांच्या मर्जीवर ठेवलेलेच नाही. तेथे विकायचा फोन असेल तर त्याची विक्री थांबल्यानंतरही निदान पाच वर्षे दुरुस्त्या दिल्या पाहिजेत, आणि बॅटरीने आठशे वेळा भरून-रिकामी झाल्यावरही ऐंशी टक्के क्षमता राखली पाहिजे, असा नियम झाला. आईचा प्रश्न ब्रुसेल्सलाही पडला म्हणायचा. मात्र मी २०२४ साली उभी होते तेव्हा माझ्यासमोर जे होते त्यातूनच मला निवडायचे होते.

मित्राचा फोन माझ्या फोनाहून चपळ आहे, हे आम्ही शेजारी बसलो की अजूनही जाणवते, आणि नारिंगी रंग पाहून मला अजूनही थोडी हळहळ वाटते. यंदाचा परीक्षेचा अर्ज मी मुदतीच्या आठ दिवस आधी घरच्या ओट्यावर बसून भरला. आईने ब्लाउजांच्या मापांच्या वहीत, शेवटच्या पानावर, गिऱ्हाइकांच्या उधारीच्या वर ‘फोन : ऑक्टोबर २०३०’ असे लिहून ठेवले आहे. त्याखाली तिने शिवणयंत्राचा पट्टा बदलल्याची तारीख लिहिली आहे.